मोठेपणाचीं इंग्रजी विशेषणें

‘व्हास्ट’, ‘इमेन्स’, ‘कोलॉसल’ आणि ‘एनॉर्मस’ या चारही इंग्रजी शब्दांचा ‘प्रचंड’ एवढाच अर्थ आपले विद्यार्थी पाठ करतात. परंतु या शब्दांचीं कुळें निरनिराळीं आहेत.

‘व्हास्ट’चा मूळ लॅटिन अर्थ ओसाड, रितें. म्हणून वाळवंट किंवा महासागर ‘व्हास्ट’, हत्ती नव्हे. आपणहि मैदानास विस्तीर्ण म्हणतों, हत्तीस अवाढव्य. ‘इमेन्स’ म्हणजे अमाप. तें उपकारांनाहि शोभतें. ‘कोलॉसल’मागें ऱ्होड्स बेटावरील सूर्यदेवाचा सुमारें ३३ मीटर उंच पुतळा उभा आहे, इ. स. पूर्वीं २२६ च्या सुमारास तो भूकंपानें कोसळला, पण विशेषण टिकलें.

‘एनॉर्मस’च्या पोटांत ‘नॉर्मा’ हा लॅटिन शब्द आहे. नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या, त्यावरून नियम. आणि नियमाबाहेरचें तें ‘एनॉर्मस’. आज हा शब्द निर्दोष झाला असला, तरी त्याचें भावंड ‘एनॉर्मिटी’ याला घोर दुष्कृत्याचा डाग अद्याप चिकटलेला आहे. एखाद्या दात्यास ‘आपल्या औदार्याची एनॉर्मिटी’ असें लिहून पाठविलें, तर जाणकार वाचकास त्या आभारांत आरोपाचा वास येईल. यास्तव परभाषेंतील शब्द योजण्यापूर्वीं त्याचें कूळ विचारावें, हें बरें.