कन्या राशीतला ठिपका



एप्रिलमधली अमावास्येची रात्र होती. वांगणीजवळच्या माळावर आम्ही आठ इंची दुर्बीण लावली होती. नकाशा वाचण्यापुरता उजेड हवा म्हणून बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटीनचा कागद बांधलेला. कन्या रास चांगली वर आली आणि बराच वेळ शोधल्यावर तो सापडला. जेमतेम तेराव्या प्रतीचा, शेजारच्या ताऱ्यांसारखाच एक ठिपका. नाव थ्री सी २७३. रांगेतल्या एका शाळकरी मुलीनं डोळा लावला आणि विचारलं, "काका, हा तर साधा तारा दिसतोय. लांब आहे हे कळलं कसं?"

त्या एका प्रश्नावर आम्ही पहाटेपर्यंत बोलत बसलो.

आकाशाच्या या भागातून रेडिओलहरी येतात हे आधी कळलं होतं. पण त्या आकाशातल्या नेमक्या कुठल्या बिंदूतून येतात, हे तेव्हाच्या रेडिओ दुर्बिणींना सांगता येत नव्हतं. मदतीला आला चंद्र. ५ ऑगस्ट १९६२ रोजी चंद्र या उगमावरून सरकणार होता. सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीतून हे पिधान टिपलं. चंद्राची कड कुठल्या क्षणी कुठे असते ते ठाऊक असतं, त्यामुळे लहरी ज्या क्षणी बंद पडल्या त्यावरून जागा पक्की झाली. ही युक्ती मला फार आवडते. आपल्या गोविंद स्वरूपांनी उटीची रेडिओ दुर्बीण उभारली, तीही याच पद्धतीचा उपयोग करण्यासाठी.

जागा कळल्यावर खगोलशास्त्रज्ञ मार्टिन श्मिट यांनी अमेरिकेतल्या पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीतून त्या ठिपक्याचा वर्णपट घेतला. त्यातल्या रेषा ओळखीच्या वाटेनात. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की या रेषा साध्या हायड्रोजनच्याच आहेत, फक्त सगळ्या सुमारे सोळा टक्क्यांनी तांबड्या टोकाकडे सरकल्या आहेत. हीच ताम्रसृती. विश्वाच्या प्रसरणामुळे ती होते असं धरलं, तर तो प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा पृथ्वीवर फक्त सूक्ष्मजीव होते. इतक्या दुरून हा ठिपका आठ इंची दुर्बिणीत दिसतो, म्हणजे एका अख्ख्या दीर्घिकेहून तो कितीतरी तेजस्वी असला पाहिजे. जुन्या छायाचित्रांच्या काचा तपासल्यावर त्याचं तेज कमीजास्त होतं हेही दिसलं. म्हणजे ती सगळी ऊर्जा अगदी लहान जागेतून येते. तिथे महाकाय कृष्णविवर आहे आणि त्यात पडणारा वायू तापून झळाळतो, असं आज आपण मानतो. अशा ठिपक्यांना क्वेसार म्हणतात.

पण ताम्रसृती म्हणजे अंतरच, हे कशावरून? खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन आर्प यांनी हा प्रश्न आयुष्यभर लावून धरला. कालेय तारकासमूहात एनजीसी ४३१९ नावाची दीर्घिका आहे. तिच्या अगदी शेजारी मार्केरियन २०५ हा क्वेसारसारखा ठिपका दिसतो. दोघांच्या ताम्रसृतींमध्ये जवळजवळ पंधरा पटींचा फरक. आर्प यांना छायाचित्रात दोघांना जोडणारा प्रकाशाचा पूल दिसला. दोन्ही खरोखर जोडलेले असतील, तर अंतरं मोजण्याची आपली पट्टीच चुकीची ठरते. आपल्या जयंत नारळीकरांनी या पुराव्याकडे गांभीर्यानं पाहिलं. नव्यानं जन्मलेल्या द्रव्यातल्या कणांचं वस्तुमान कमी असेल, तर त्यांचा प्रकाश मुळातच तांबडा निघेल, अशी मांडणी त्यांनी केली आणि पुढे आर्प यांच्यासोबत लेखही लिहिला.

माझं मत सांगतो. आर्प यांचं म्हणणं टिकलं नाही. हबल दुर्बिणीनं मार्केरियन २०५ चा अतिनील वर्णपट घेतला, त्यात एनजीसी ४३१९ मधल्या वायूनं शोषलेल्या रेषा सापडल्या. खिडकीच्या जाळीतून पलीकडचा दिवा दिसावा, तसा तो ठिपका दीर्घिकेच्या मागे, खूप लांब आहे. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आर्प यांना पालोमारच्या दुर्बिणीवरचा वेळ नाकारला गेला आणि ते जर्मनीला गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्या शंकेचं उत्तर अखेर दुर्बिणीनंच दिलं. शंका घेणाऱ्याच्या हातून दुर्बीण काढून घ्यायला नको होती.

तुम्हाला हा ठिपका पाहायचा असेल, तर उन्हाळ्यात कन्या राशीतल्या चित्रा ताऱ्याच्या वायव्येला पोरिमा हा तारा शोधा. त्याच्या पश्चिमेला एटा नावाचा एक मंद तारा आहे. या दोघांना पाया धरून उत्तरेकडे त्रिकोण काढला, की टोकाशी थ्री सी २७३. थेट त्याच्यावर नजर रोखू नका, किंचित बाजूला पाहा.

त्या मुलीला मी हेच सांगितलं. तिनं पुन्हा डोळा लावला, नजर वळवली आणि म्हणाली, "दिसला." मिनिटभरात पृथ्वीच्या फिरण्यानं तो दृष्टिक्षेत्राच्या कडेला गेला. तिनं नळीला अलगद बोट लावून त्याला पुन्हा मधोमध आणलं. मागच्या रांगेतून कुणी घाई केली नाही.