गव्हाणींतला हिशेब

हिंगणघाटचें नांव घेतलें कीं वणा नदी, काळी जमीन आणि कापसाचा बाजार डोळ्यांपुढें उभा राहतो. कापूस गिरणीकडे जातो. सरकी व तिची ढेप मात्र गुरांच्या गव्हाणींत येते. त्या गव्हाणीविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

जनावराला काय कळतें, पोट भरलें म्हणजे झालें, असें आपण म्हणतों. शास्त्राचा अनुभव निराळा आहे. 2008 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत फळांवरील माशांना निरनिराळ्या प्रमाणांत प्रथिनें व शर्करा दिली. एक भाग प्रथिनांस सोळा भाग शर्करा मिळालेल्या माशा सर्वांत अधिक जगल्या. पण आयुष्यांत सर्वांत अधिक अंडीं एकास चार ह्या प्रमाणावर झालीं. मग निवड माशांवरच सोंपविली, तेव्हां त्यांनीं एकास चार हेंच प्रमाण साधलें! निसर्गाच्या हिशेबांत दीर्घायुष्याहून वंशवृद्धीचें पारडें जड असतें, तें असें.

रानांत चरणारी गाय हें गवत सोडते, तो पाला ओरबाडते. तिचीही निवड चाललेली असते. दावणीच्या गाईला ती मोकळीक कोठें? नुसत्या कडब्यानें पोट भरतें, पण प्रथिनें तुटपुंजीं पडतात. नुसत्या सरकीवर भर द्यावा, तर तींत गॉसिपॉल नांवाचें विषारी द्रव्य असतें. रवंथ करणाऱ्या मोठ्या गुराच्या पोटांत तें बरेंचसें निष्प्रभ होतें. कोंवळ्या वासराच्या पोटांत तें सामर्थ्य आलेलें नसतें.

गाय हाडें चघळूं लागली, तर तिला खोडकर म्हणून मारूं नये. 1920 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेंत सर आर्नोल्ड थाइलर ह्यांनीं दाखविलें कीं, ही खोड स्फुरदाच्या उणिवेमुळें लागते. गाय आपली तूट भरून काढूं पाहते. परंतु कुजलेल्या हाडांतील विषानें प्राणासही मुकते. गरज तिला कळते, धोका कळत नाहीं.

म्हणून ज्यानें दावें बांधलें, त्यानेंच हिशेबही ठेवावा. कडब्याबरोबर तुरीचें वा हरभऱ्याचें कुटार, बेताची ढेप, मूठभर हिरवा चारा आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानें क्षार, एवढें गव्हाणींत पडलें, तर मुकें जनावर दुधानें व सशक्त वासरानें त्याची पोंच देईल.