वजनाच्या वहीचा दुसरा रकाना



कार्यक्रमपत्रिकेवर आमचे नाव पाहून आपणांपैकी काहींची अशी समजूत झाली असेल की, आज महागाईभत्ता, बोनस किंवा कंत्राटी कामगारांचा प्रश्न ह्यांवर काही ऐकावयास मिळणार. त्याऐवजी विषय निघाला शरीराच्या वजनाचा. युनियनच्या माणसाने वैद्यकात लुडबूड करू नये, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण आम्ही बोलणार आहोत ते औषधांवर नव्हे, हिशेबावर. आणि हिशेब ठेवणे, दुसऱ्यांनी ठेवलेला तपासणे, हेच काम आम्ही उभा जन्म करीत आलो आहोत.

बाजारपेठेत 'काटा मारणे' म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. शेतकऱ्याच्या मालाला कोणी काटा मारला, तर तेथल्या तेथे भांडण जुंपते. परंतु माणूस स्वतःच्याच देहाला काटा मारतो, तेव्हा कोणी चकार शब्द काढत नाही. वजन उतरविण्याचा निश्चय करून जी मंडळी काट्यावर उभी राहतात, त्यांच्या वह्या आम्ही बऱ्याच पाहिल्या. त्यांत एक खोड हटकून सापडते. वजन घटले की आकडा ठसठशीत लिहावयाचा, आणि वाढले की त्या दिवशी पान कोरे! जमेच्या नोंदी तेवढ्या कराव्या आणि खर्चाच्या करू नयेत, असा रोजमेळ एखाद्या दुकानदाराने ठेवला, तर दिवाळीपर्यंत त्याचे दिवाळे निघेल. देहाच्या बाबतीत मात्र ह्याला आपण 'उत्साह टिकवणे' असे गोंडस नाव देतो.

आमच्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. हा गृहस्थ यंत्रावर काम करणारा, वय पन्नाशीला टेकलेले, वजन ८४ किलो. रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर येऊन थांबलेली. डॉक्टरांनी त्याला सहा किलो वजन उतरवावयास सांगितले. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. अशाच उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना वजनात शेकडा सात घट आणि आठवड्यास दीडशे मिनिटे चालणे वा तत्सम व्यायाम असे उद्दिष्ट दिले होते, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण, नुसती दिखाऊ गोळी दिलेल्या लोकांपेक्षा शेकडा ५८ ने कमी भरले. ८४ चे शेकडा सात म्हणजे जवळजवळ सहा.

आमचा हा सहकारी दर शनिवारी पाळी संपली की कारखान्याच्या दवाखान्यातील काट्यावर उभा राही. घट झाली की खिशातल्या डायरीत लिही. आठ आठवड्यांनी त्याच्या डायरीत चार नोंदी होत्या: १.२, १.०, पुन्हा १.२, पुन्हा १.०. बेरीज ४.४ किलो. सहापैकी साडेचार उतरले, आता थोडेच राहिले, असे तो सर्वांना सांगत सुटला. साखर मात्र तपासणीत होती तेथेच. तेव्हा तो डॉक्टरांवर रागावला, मग प्रयोगशाळेवर, आणि शेवटी सकाळी चालण्यावरच. एवढे करून काही होत नसेल तर करावयाचे कशाला, असे म्हणून तो सारेच सोडून देण्याच्या बेतात होता.

सुदैवाने दवाखान्यातील कंपाउंडरने स्वतःच्या वहीत सगळे आठही आकडे उतरवून ठेवले होते. ते असे: ८२.८, ८३.९, ८२.९, ८३.८, ८२.६, ८३.७, ८२.७ आणि शेवटी ८३.६. घट ४.४ खरी, पण मधल्या चार आठवड्यांची वाढही ४.० होती. दोन महिन्यांची निव्वळ कमाई चारशे ग्रॅम! साखर तरी कशी हलणार?

पण गोष्ट येथे संपत नाही, खरे तर येथे सुरू होते. ती वही घेऊन आम्ही तिघे बसलो आणि आकड्यांसमोर पाळ्या लिहून पाहिल्या. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा तिसरी, असे त्याचे चक्र होते. चारही घटी पहिल्या पाळीच्या आठवड्यांतल्या, आणि चारही वाढी रात्रपाळीच्या. आता विचार करा, ह्या माणसाने डायरीत जे लिहिले होते, त्यातून त्याला काय कळले असते? काहीही नाही. जे लिहावयाचे टाळले, तेथेच रोगाचे मूळ होते. रात्री दोनच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये वडापाव, भजी आणि साखरेचा चहा ह्यांशिवाय दुसरे काही मिळत नसे. सकाळी घरी जाऊन जेवावे आणि झोपावे, तर फिरावयास जाण्याचे त्राण नसे. तो आपल्या जिभेला दोष देत होता, आणि दोषाचा मोठा भाग पाळीच्या वेळापत्रकात व कॅन्टीनच्या फळ्यावर होता. ही वही पुढे कॅन्टीन कमिटीच्या बैठकीत मांडली गेली. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कॅन्टीनचे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्याने घातले, त्याच्या व्यवस्थेत कामगारांच्या प्रतिनिधींना जागाही दिली. पण त्या जागेवर बसून मागावयाचे काय, हे पुष्कळदा आमच्याच लोकांना सुचत नाही. ह्या वेळी सुचले. रात्रीच्या जेवणात भाकरी, उसळ आणि ताक आले.

आता वाढीची एवढी भीती का वाटते ते पाहू. सकाळी काट्यावर दीड-दोन किलो अधिक दिसले की आपली समजूत होते, काल खाल्लेले श्रीखंड अंगी लागले. वास्तविक एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. दोन किलो चरबी एका रात्रीत चढावयाची, तर नेहमीच्या जेवणावर पंधरा हजार उष्मांक अधिक खावे लागतील. कितीही मोठी पंगत असो, एवढे कोणाला जात नाही. मग काट्यावर चढते ते काय? बहुतेक पाणी. लोणचे-पापडांतले मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. शिवाय पिष्टमय अन्नातील साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते, आणि त्याचा एक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगतो. म्हणूनच उपास-तापास सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते. तेव्हा जाते तेही मुख्यतः हेच पाणी.

येथे आमच्या हिशेबाचा खरा प्रश्न येतो. पाणी गेले तेव्हा ते 'घट' म्हणून लिहिले; परत आले तेव्हा लिहिले नाही; पुन्हा गेले, पुन्हा लिहिले. म्हणजे तेच पोते दोनदा, तीनदा काट्यावर चढवून दर खेपेस त्याची पावती फाडल्यासारखे झाले. दोन्ही बाजू लिहिणाऱ्याची अशी फसगत होत नाही. पाण्याचे येणे-जाणे एकमेकांस छेदून जाते आणि खाली उरते ती चरबीची खरी वधघट. वाढ लिहिणारा माणूस, आमच्या अनुभवाने, उलट कमी घाबरतो. मंगळवारी चढलेले शुक्रवारी उतरते, हे त्याने आपल्याच अक्षरात वाचलेले असते.

ह्या विद्येचा आद्य पुरुष म्हणता येईल असा एक वैद्य इटलीत होऊन गेला. सांक्तोरियो त्याचे नाव, जन्म १५६१ चा. त्याने आपली खुर्ची एका मोठ्या तराजूला टांगली आणि वर्षानुवर्षे तो स्वतःला, स्वतःच्या अन्नपाण्याला आणि मलमूत्रालाही तोलत राहिला. त्याचा ग्रंथ १६१४ साली निघाला. त्यात त्याने सांगितले की, दिवसाला आठ पौंड खाल्ले-प्याले तर त्यातील पाच पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या घामाच्या वाटेने जातात. आकड्यांची बारीक पारख आज वेगळी होईल, पण हा शोध त्याला लागला कशामुळे? आत गेलेले आणि बाहेर पडलेले दोन्ही त्याने लिहिले, आणि मेळ बसेना म्हणून. एकच बाजू लिहिली असती, तर मेळ न बसण्याचा प्रश्नच उद्भवला नसता, आणि त्या खुर्चीत बसून त्याला झोके घेण्यापलीकडे काही साधले नसते.

कोठे कोठे तर वाढीची नोंद हीच मुख्य. ज्यांच्या हृदयाचा पंप दुबळा झाला आहे, अशा रोग्यांना रोज सकाळी वजन करावयास सांगतात. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक चढले, तर अंगात पाणी साठू लागले असे समजून लगेच डॉक्टरांना कळवावयाचे असते. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ असेच रोज लिहीत. लग्नसराईत दोन पंगती झाल्या, काटा चढला, आणि पत्नी रागावेल म्हणून त्यांनी तीन दिवस वही मिटून ठेवली. मांजर डोळे मिटून दूध पिते, तसा प्रकार. चौथ्या रात्री त्यांना आडवे पडून श्वास घेता येईना. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिली वस्तू मागितली ती वही, आणि तिच्यात नेमकी तीच तीन पाने कोरी. नऊ दिवसांनी ते घरी परतले. त्यांच्या पत्नीने आम्हांला विचारले, "भाऊ, मी कधी पंगतीवरून बोलले होते का हो ह्यांना?" बोलल्या असतील किंवा नसतील, पण त्यांना बोलणी खावी लागतील असे वाटत होते, एवढे खरे.

आणि म्हणून, वाढ न लिहिणाऱ्याला खोटा ठरवून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. कारखान्याच्या फाटकावर 'इतके दिवस अपघात नाही' असा फलक आपण पाहिला असेल. फलकावरील आकड्यावर बक्षीस लावले की काय होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बोटाला पट्टी बांधलेला कामगार घरी न पाठवता टाइम ऑफिसात बसवून ठेवतात, हजेरी लागते आणि फलक शाबूत राहतो. अठ्ठेचाळीस तास किंवा अधिक काम करता येऊ नये अशा दुखापतीची खबर देण्याचे बंधन त्याच १९४८ च्या कायद्याने घातले होते. हजेरी लावली की दुखापत कागदावरून पुसली जाते. एका ठिकाणी व्यवस्थापनाने वजन उतरविण्याची स्पर्धा ठेवली. उतरलेल्यांना टाळ्या आणि बक्षिसे, चढलेल्यांची नावे नोटिस बोर्डावर. तिसऱ्या आठवड्यापासून चढणारे काट्याकडे फिरकेनात, आणि अहवालात लिहिले गेले की स्पर्धा यशस्वी झाली! खरे लिहिणाऱ्याला जेथे शिक्षा आहे, तेथे वही खरी राहत नाही, मग ती कारखान्याची असो की घरातली. घरात कोणी काट्यावर उभे असेल, तर त्याच्या खांद्यावरून आकडा वाचू नका, एवढे आम्ही येथे बसलेल्या पतींना आणि पत्नींनाही सुचवतो.

वही कशी ठेवावी, हे थोडक्यात सांगतो. रोज सकाळी एकाच वेळी, शौचास जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत उभे राहावे. आकडा दिसेल तो लिहावा. पुढे दोन शब्दांची जागा ठेवावी: रात्रपाळी, प्रवास, पाहुणे, जागरण, जे घडले असेल ते. आठवड्याच्या शेवटी सात आकड्यांची सरासरी काढावी आणि सरासरीशीच सरासरी ताडून पाहावी. आकड्याने ज्यांच्या जिवाला घोर लागतो, जेवणच तुटते, त्यांनी, विशेषतः तरुण मुलींनी, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ह्या फंदात पडू नये. क्षयातून उठणारा रोगी आणि अंगणवाडीतील मूल ह्यांच्या बाबतीत तर वाढ हीच जमा आहे, तेथे रकान्यांची नावे उलटी करावीत.

काट्यावरही फार विश्वास टाकू नये. महिन्यातून एकदा आधी रिकाम्या हाताने उभे राहावे, मग पिठाची दहा किलोंची न फोडलेली पिशवी उचलून घेऊन उभे राहावे. फरक दहाचा आला नाही, तर वहीत तसे लिहावे आणि काटा दुरुस्तीला द्यावा.