सायकलीचा पुढचा चिमटा : घरची दुरुस्ती आणि निगा

सायकलीची दुरुस्ती हा भाषणाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आपणांपैकी कित्येकांच्या मनात येईल. पंक्चर काढावे, साखळीस तेल द्यावे, छर्रे निसटले तर दुकान गाठावे, इतके ज्ञान प्रत्येक घरात असतेच. परंतु हल्ली आपल्या अंगणात जी सायकल येऊन उभी राहिली आहे, ती आपल्या ओळखीची काळी सायकल नव्हे. तिला गिअर आहेत, रुंद खाचदार टायर आहेत, कित्येकदा तबकडीचे ब्रेक आहेत. आणि पुढचे चाक धरणारा चिमटा साधा लोखंडी नळीचा नसून वरखाली दबणारा आहे. मुले त्यास ‘शॉकअप’ म्हणतात. सायकल घेताना आपण किंमत विचारतो, रंग पाहतो. या चिमट्याच्या पोटात काय आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. मग दोन पावसाळे उलटतात, चिमटा आखडतो, दाबला तर कुरकुरतो, आणि दुकानदार शांतपणे सांगतो, ‘नवीन टाका.’ या सल्ल्याविरुद्ध मला आज थोडेसे बोलावयाचे आहे. थोडेसेच म्हणतो, कारण काही वेळा तो सल्ला बरोबरही असतो.

डोंगरी सायकलीचा जन्म आणि तिची घरगुती दुरुस्ती यांचे नाते फार जुने आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७६ साली काही तरुणांनी जुन्या जड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती सुरू केल्या. त्या उताराचे नावच ‘रीपॅक’ पडले. सायकलींना मागच्या तुंब्यात बसवलेले ब्रेक असत. एका उतरणीत त्यांतील ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. ‘रीपॅक’ म्हणजे पुन्हा भरणे. दबणारा चिमटा मात्र मोटारसायकलीकडून आला. बी. एम. डब्ल्यू. कंपनीने १९३५ साली तेलाने आवरलेला दुर्बिणीच्या नळीसारखा चिमटा आपल्या गाडीस बसवला. सायकलीसाठी तसाच चिमटा रॉकशॉक्स या कंपनीने १९८९ साली बाजारात आणला. वंशावळ एवढी पुरे.

आता त्याचे पोट उघडून पाहू. वरच्या दोन गुळगुळीत नळ्या खालच्या दोन रुंद नळ्यांत शिरतात. दोहोंच्या मध्ये बूश असतात; त्यांवरून वरची नळी सरकते. तोंडाशी रबरी सील असते. तिचे काम आतले तेल आत आणि बाहेरची धूळ बाहेर ठेवण्याचे. चांगल्या चिमट्यात सीलखाली स्पंजाची एक कडी असते, ती तेल पिऊन नळीस सतत ओलसर ठेवते. एका पायात स्प्रिंग असते, कधी पोलादी तर कधी दाबलेल्या हवेची. दुसऱ्या पायात बरेचदा तेलाचा दमक असतो. बारीक छिद्रांतून तेल ढकलले जात असताना स्प्रिंगची उसळी तो आवरून धरतो. तो नसेल तर सायकल खड्ड्यातून निघून बेडकासारखी उड्या मारू लागेल. स्वस्त चिमट्यांत दमक नसतोच; तेथे स्प्रिंग आणि ग्रीस यांवरच सारा कारभार चालतो. आपला चिमटा कोणत्या जातीचा, हे प्रथम ओळखावे. वरच्या टोपणाखाली हवेची झडप दिसली तर तो हवेचा. नुसती फिरणारी चकती असेल तर बहुधा पोलादी स्प्रिंगचा.

आमच्या बारामती-इंदापूरकडे पाऊस बेताचा, तेव्हा येथे गंज कोठून येणार, असे पुष्कळांस वाटते. परंतु नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या ऊसपट्ट्यात शेतवाट वर्षाच्या कोणत्याही महिन्यात ओली सापडते. काळी माती ओली असता चाकास लिंपून बसते आणि वाळली की खापरासारखी कडक होते. नळीवर वाळलेला तो पापुद्रा पुढच्या दाबासरशी सीलच्या ओठाखाली जातो, आणि त्यातील बारीक खर पॉलिश कागदासारखी नळी घासते. उलट कडबनवाडीच्या बाजूची गवताळ माळराने मुरमाड आणि कोरडी. तेथे धूळच वैरी. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी चिरडलेल्या रस्त्यांवर हे दोन्ही वैरी एकत्र भेटतात. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, निमगाव केतकी या पालखीच्या वाटेने इंदापुरास जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर मात्र दबणाऱ्या चिमट्याची गरजच नाही. तेथे त्याची कळ फिरवून तो बंद ठेवावा, म्हणजे मांड्यांचे बळ त्याच्या वरखाली होण्यात वाया जात नाही.

निगेचा पहिला भाग कोणासही करता येतो. सायकल घरी आली की ओल्या फडक्याने नळ्या व सीलच्या कडा पुसाव्यात, मग कोरड्या फडक्याने. जुन्या धोतराचे मऊ कापड यास उत्तम. सुटे धागे निघणारे टॉवेल वापरू नयेत. मोटारी धुण्याचा जोराचा फवारा सीलवर कधीही मारू नये. पाणी आत शिरते आणि बाहेर निघण्याची वाट त्यास सापडत नाही. रॉकेलचा मोहही आवरावा. आमच्या पिढीने रविवारी वर्तमानपत्र अंथरून सायकलीचे छर्रे रॉकेलमध्ये धुतले आहेत, आणि ते योग्यही होते, कारण छर्रे पोलादाचे. येथे रबर आहे. रॉकेल, डिझेल किंवा गंज सोडविण्याचा फवारा लागला की ते फुगते व ढिले पडते. खोबरेल तेलाविषयी विचारणारेही मला भेटले आहेत. ते केसांसाठीच राहू द्यावे.

दुसरा भाग म्हणजे खालच्या नळ्या उतरवून आतील जुने तेल व घाण काढणे. नामांकित चिमट्यांसाठी हे काम दर ५० तासांच्या स्वारीनंतर करण्यास सांगितलेले असते. दमकाची व हवेच्या भागाची पुरी दुरुस्ती काही नमुन्यांस २०० तासांनी. रोज तासभर शाळेची ये-जा करणाऱ्या मुलाचे ५० तास दोन महिन्यांत भरतात. परंतु ती ये-जा डांबरी रस्त्याची असेल तर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, नळ्या उतरवणे पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

कामास बसताना चाक प्रथम काढावे आणि तबकडीचा ब्रेक असेल तर त्याची पकडही सोडवून कागदात गुंडाळून दूर बांधावी. ब्रेकच्या गट्टूवर तेलाचा एक थेंब पडला तरी ब्रेक निकामी होतो. ब्रेक तेलाच्या दाबाचा असेल आणि चाक काढलेले असेल, तर कोणीही ब्रेकची मूठ दाबू नये. लहान मुले हे हमखास करतात. हवेचा चिमटा असेल तर झडप दाबून सर्व हवा सोडावी. या एका पायरीकडे दुर्लक्ष केल्यास टोपण बंदुकीच्या गोळीसारखे उडू शकते, म्हणून घाईच्या दिवशी हे काम हाती घेऊ नये.

मग चिमटा उलटा धरून खालच्या दोन्ही बोल्टांस ॲलन कीने तीन-चार आटे ढिले करावे, पूर्ण काढू नये. बोल्टाच्या डोक्यावर रबरी हातोड्याने हलका ठोका द्यावा. आतला दांडा सुटल्याचा आवाज येतो. मग बोल्ट काढून खालचा भाग दोन्ही हातांनी सरळ ओढावा. खाली परात ठेवावी, पण ती पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. जे बाहेर येते ते पाहण्यासारखे असते. तांबूस तेल आले तर बरे. कॉफीत दूध घातल्यासारखे पांढुरके आले तर आत पाणी शिरले आहे. आणि तेलात चंदेरी चकाकी दिसली तर बूश किंवा नळी झिजू लागली आहे. स्वस्त चिमट्यातून तेलाऐवजी काळे, घट्ट झालेले ग्रीस निघेल.

आतून-बाहेरून सर्व पुसून घ्यावे. बारीक काठीस कापड गुंडाळले की नळीच्या तळापर्यंत पोहोचते. स्पंजाच्या कड्या पिळून, पुसून, नव्या तेलात भिजवून परत बसवाव्या. सील कडक झाली असेल किंवा तिचा ओठ फाटला असेल तर नवी आणताना वरच्या नळीची जाडी मोजून न्यावी. २८, ३०, ३२ मिलिमीटर असे अनेक आकार असतात आणि एकाची सील दुसऱ्यास चालत नाही. वरच्या नळीवर बारीक ओरखडा असल्यास त्यात रंगहीन नेलपॉलिश भरून, वाळल्यावर अगदी बारीक पॉलिश कागदाने सपाट करता येते. सून अथवा नात यांची परवानगी घ्यावी, इतकेच. ओरखडा खोल असेल तर हा उपाय चालत नाही.

नंतर खालच्या नळ्या अर्ध्या चढवून तळच्या छिद्रांतून तेल सोडावे. औषधाच्या दुकानातील १० मिलिलिटरची पिचकारी या कामास उत्तम. तेल सस्पेन्शनचेच हवे, इंजिनाचे नको. मोटारसायकलीच्या सुट्या भागांच्या दुकानात ते ‘फोर्क ऑइल’ या नावाने मिळते. किती व कोणत्या जाडीचे, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे, कारण प्रत्येक नमुन्याचे माप निराळे आणि दोन पायांतही ते निराळे असू शकते. ‘जास्त घातले तर जास्त चांगले’ हा न्याय येथे लागू नाही. तेल दबत नाही, म्हणून ते अधिक झाले तर चिमटा पुरा दबतच नाही. बोल्टांखालचे वायसर नवे घालावेत. बोल्ट साधारण ७ न्यूटन-मीटर इतक्याच जोराने आवळायचे असतात, म्हणजे लहान किल्ली, मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. हलक्या धातूचे आटे एकदा मेले की मेलेच.

दमकाची बंद नळी मात्र घरी उघडू नये. वालचंदनगरच्या कारखान्यात ज्यांनी साखरेची अवजड यंत्रे जोडली, अशी मंडळी आमच्या तालुक्यात घरोघर आहेत, आणि त्यांस हे काम कठीण नाही, हे मी जाणतो. पण त्यासाठी खास हत्यारे लागतात. नवे बूश ठोकून बसविण्याचेही तसेच. झीज ओळखणे मात्र आपल्या हाती आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवावी आणि दोन नळ्यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. खटखट तेथे जाणवली तर बूश गेले. हँडलच्या खालच्या कपाशी जाणवली तर दोष तेथल्या छर्ऱ्यांचा, जो अर्ध्या तासात निघतो. दुकानात पुष्कळदा दुसऱ्या दोषासाठी पहिल्याचे पैसे पडतात.

आणि आता ‘नवीन टाका’ या सल्ल्याविषयी. स्वस्त चिमट्याचे बूश गेले, नळीस खोल गंज चढला, किंवा कोठेही केसाएवढी चीर दिसली, तर दुरुस्तीचा विचारच नको. पुढचा चिमटा तुटला तर स्वार तोंडावर पडतो, सावरण्यास क्षण मिळत नाही. अशा वेळी तितकाच स्वस्त दबणारा चिमटा पुन्हा घेण्यापेक्षा साधा, न दबणारा चिमटा बसवावा, असे मी घरोघर सांगत आलो आहे. तो हलका असतो, त्यास तेल लागत नाही, आणि शाळा, शिकवणी, बाजार यांस तो पुरून उरतो. मात्र त्याची मधली नळी जुन्याच मापाची हवी आणि उंचीही जुळती हवी; अन्यथा सायकल पुढे झुकते आणि वळताना बावरते.

जोडणी झाली की हवेच्या चिमट्यात खास उच्च दाबाच्या पंपानेच हवा भरावी. स्वार नेहमीच्या कपड्यांत, दप्तरासह बसला असता चिमटा आपल्या एकूण चालीच्या पाचव्या हिश्श्याइतका दबावा. खडकाळ वाटेसाठी चौथ्या हिश्श्यापर्यंत चालेल. नळीला सैलसर दोरा बांधून ठेवला की तो किती खाली सरकला हे मोजता येते. त्यानंतर अंगणातच दहा-बारा फेऱ्या माराव्या, दोन्ही ब्रेक पाहावेत, चाकाची कळ पुन्हा तपासावी. पहिल्या दोन-चार दिवसांत नळीवर तेलाची पुसट कडी उमटेल. ती पुसून टाकावी, तिची चिंता नको. थेंब ओघळू लागले तर सील वाकडी बसली आहे असे समजून पुन्हा उघडावे. परातीतील जुने तेल बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. मोरीत अथवा कालव्यात ओतू नये, खालच्या गावांना तेच पाणी जाते.