एका बाटलीत शंभर डोस आणि माझ्या कोंबड्या अकरा

हेडफोन लावलेत ना? आज मागून अधूनमधून आरवण्याचा आवाज येईल. तो एडिट करून काढलेला नाही, कारण खुराडं खिडकीच्या मागेच आहे आणि आमच्या कोंबड्याला रेकॉर्डिंग वगैरे काही कळत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा मेसेज येतो, "ताई, गावाकडे घर आहे, परसात जागा आहे, पाच-दहा गावरान कोंबड्या पाळायच्यात. सुरुवात कुठून करू?" यूट्यूबवर याची उत्तरं भरपूर आहेत. जाळी कुठली, खुराडं किती फुटांचं, खाद्य कुठलं. मी म्हणते, सुरुवात शेजाऱ्यापासून करा. असं का म्हणते ते सांगायला मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

आमच्या घरात कोंबड्या आजीच्या काळापासून. दुकानातून आणलेली पिल्लं नव्हेत, तर तेच वाण, आईकडून लेकीकडे आलेलं. गावरान कोंबडी 12 ते 15 अंडी घालते आणि मग खुडूक होते. पिसं फुगवून बसते, जवळ गेलं की चोच मारते. वर्षाचा हिशोब केला तर 50-60 अंडी. पोल्ट्रीतली लेगहॉर्न वर्षाला 300 च्या आसपास देते, पण ती खुडूक होत नाही. निवड करकरून तिच्यातला तो गुण माणसानंच घालवलाय. म्हणजे अंडी भरपूर, पण पुढची पिढी मशीनमधून. गावरान कोंबडीचं भांडवल हेच, की टोपलीत पेंढा घालून दहा-बारा अंडी ठेवली, अंधारा कोपरा दिला, की 21 दिवसांनी ती स्वतः पिल्लं काढते, त्यांना उकिरडा उकरायला शिकवते, वर घार दिसली की एका आवाजात सगळ्यांना पंखाखाली घेते. सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंड्यामागे मोबाइलचा टॉर्च धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू धरलंय. आजी हेच कंदिलासमोर करायची.

तर, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे चौदा होत्या. कोंबडा म्हातारा झाला होता. आठवडी बाजारात एक कोंबडा दिसला, काय सांगू! तांबडा, शेपटीला हिरवी-काळी झाक, पाय पिवळेधमक. घासाघीस न करता घेतला आणि संध्याकाळी थेट इतरांसोबत खुराड्यात सोडला. फोटो काढून स्टेटसलाही टाकला.

पाचव्या दिवशी तो कोपऱ्यात डोळे मिटून उभा. हिरवट पातळ हगवण. चोच उघडी टाकून श्वास. मग एकीची मान वाकडी झाली, दुसरीचा पंख लोंबायला लागला. आठवड्याभरात चौदातल्या दोन राहिल्या.

गावात याला 'मर आली' म्हणतात. रोगाचं नाव राणीखेत. उत्तराखंडातल्या त्या थंड हवेच्या गावाचंच नाव. बाहेरच्या जगात यालाच न्यूकॅसल म्हणतात, कारण 1926 साली इंग्लंडच्या न्यूकॅसलजवळ याची नोंद झाली. विषाणूचा रोग आहे. यावर औषध नाही. लसूण, हळद, माणसांची अँटिबायोटिक गोळी चुरून... मी सगळं केलं. काही उपयोग होत नाही.

माझ्या गेल्या, तो माझा प्रश्न होता. पण गावरान कोंबडी कुंपण मानत नाही ना! दिवसभर ती शेजारच्या परड्यात, तिथली आपल्या परड्यात. शेजारच्या काकूंच्या नऊ कोंबड्या होत्या. दहा रुपयाला एक अंडं जायचं, त्यावर त्यांचा चहा-साखरेचा, गोळ्यांचा खर्च निघायचा. नऊच्या नऊ गेल्या. काकू एवढंच म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या बाजारच्या कोंबड्यानं घात केला बघ." मग बरेच महिने माझ्याशी बोलल्याच नाहीत. पलीकडच्या घरात कुणीतरी मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकल्या, कुत्र्यांनी त्या ओढून वर नेल्या. वरची आळीही साफ.

आणि मला हे सगळं टाळता आलं असतं. बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे लांब, वेगळ्या डालग्याखाली ठेवायचा, त्याचं पाणी वेगळं, आणि त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं, म्हणजे आपल्या चपलेला लागून काही परत येत नाही. बस, एवढंच.

दुसरी गोष्ट लसीची. मी पण लहानपणापासून ऐकलेलं, "गावरान काटक असते, तिला काही होत नाही." अर्धंच खरं आहे हे. ऊन सोसते, किडे-मुंग्या शोधून पोट भरते, मुंगसाला चकवते, झाडावर झोपते. सगळं कबूल. पण राणीखेतपुढे गावरान काय नि ब्रॉयलर काय. लस नसेल तर सगळ्या सारख्याच.

मग मी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "लस आहे. पण बाटली शंभर डोसची. एकदा फोडली, पाण्यात मिसळली, की दोन तासांत संपवायची. तुझ्या दोन कोंबड्यांसाठी अठ्ठ्याण्णव डोस ओतून देऊ का?" मला ते तेव्हा टोचलं, पण खोटं काय होतं त्यात? पोल्ट्रीवाल्याकडे हजार पक्षी एका छपराखाली असतात. आपले शंभर पक्षी चौदा घरांत विखुरलेले. लहान कळपाची खरी अडचण हीच आहे, आणि ती कुठल्याच व्हिडिओत नसते.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं खुराडं दोन महिने रिकामं ठेवलं. माती खरवडून काढली, चुना मारला. उरलेल्या दोघी म्हाताऱ्या होत्या, त्या अंड्यावर आल्याच नाहीत. लोक म्हणाले, वनराज आण, गिरिराज आण. चांगल्या जाती आहेत, अंडी जास्त, वजन जास्त, ज्यांना विकायचंय त्यांनी जरूर आणाव्यात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, दर खेपेला पिल्लं विकतच आणायची. मला आजीचं वाण हवं होतं.

ते सापडलं आत्याकडे. आजीनं कधीतरी तिला पिशवीत भुसा भरून अंडी दिली होती. आत्यानं तिच्या खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली, नऊ पिल्लं निघाली. सातव्या दिवशी तिकडेच डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, चार आठवड्यांनी परत एकदा. मग आईसकट गाडीवरून आणली, तीन आठवडे डालग्याखाली. एक पिल्लू घारीनं नेलं. पुढं आत्यानं एक तलंग आणि एक कोंबडा आणखी दिला. असे झाले अकरा.

दोन महिन्यांच्या पिल्लाला आर-टू-बी नावाची लस टोचतात. तिचं विषाणूबीज मुक्तेश्वरचं, म्हणजे रोगाचं नाव आणि लस दोन्ही कुमाऊंचंच, हे मला फार गमतीचं वाटतं. तर या लसीसाठी मी वही घेऊन घरोघर गेले. कुणाकडे किती? चार, सात, दोन, बारा... बेरीज झाली 83. बाटली फोडण्यासारखा आकडा! पैसे प्रत्येक कोंबडीमागे काही रुपयेच पडले. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, "उद्या पहाटे कोंबड्या सोडू नका." पहाटे का? कारण एकदा सुटल्या की 83 कोंबड्या पकडायला गावाची मॅरेथॉन होते.

लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणली. तिला ऊन लागलं की ती नुसतं पाणी. आजारी दिसणारीला टोचायची नाही. डॉक्टरांनी सुई धरली, मी कोंबड्या. दीड तासात आळी संपली.

काकूंच्या यादीत शून्य होतं. मी त्यांच्या दारावरून तशीच पुढे गेले होते, विचारायची हिंमत झाली नाही. यंदा आमची कबरी खुडूक बसली, सहा पिल्लं झाली. ती मोठी झाल्यावर दोन तलंगा आणि एक कोंबडा काकूंच्या ओट्यावर डालग्यात ठेवून आले. काकू बघून म्हणाल्या, "सुई कधी आहे?"

पुढची तारीख ठरली, येत्या रविवारी पहाटे साडेपाच. यादीत 96 झाल्यात. तुमच्या आळीत किती निघतात ते मोजा आणि मला कळवा. पुढच्या भागात मुंगूस आणि खुराड्याची कडी, कारण त्या प्राण्यानं या आठवड्यात माझी झोप उडवलीय. भेटू!