पिढ्यांची गाणी आणि वयाची जाणीव

वय वाढल्याची जाणीव केवळ शरीर करून देते असे नाही, तर आपल्याला तोंडपाठ असलेले गाणे समोरच्या तरुणाच्या कानावरूनही गेलेले नाही, हे लक्षात येते तेव्हाही ती होते. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ मध्ये मांडल्याप्रमाणे पिढी म्हणजे केवळ एका काळात जन्मलेली माणसे नव्हेत, तर ऐन तारुण्यात समान अनुभवांनी घडलेला समूह होय.

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईची तमाशा परंपरा आणि दौंड तालुक्यातील चौफुल्याची कला केंद्रे यांमुळे या भागातील जुन्या रसिकांचा कान गण, गवळण आणि वग, म्हणजे तमाशातील कथानाट्य, यांवर तयार झाला. १९७२ च्या ‘पिंजरा’तील लावण्या त्यांना आपल्या वाटतात, त्यांच्या नातवंडांना मात्र २०१६ च्या ‘सैराट’ची गाणी जवळची असतात, आणि वरातीत डीजेवर ती सुरू झाली, की पोरे नाचायला पुढे सरसावतात व वडीलधारी मंडळी खुर्च्या मागे ओढतात. ‘सैराट’चे संगीतकार अजय-अतुल यांचे बालपण शिरूरसारख्या गावांतच गेले, म्हणजे माती तीच असूनही कान बदलला.

यामागचे कारण मानसशास्त्र ‘स्मृतीचा उंचवटा’ या संकल्पनेने स्पष्ट करते : साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयात सर्वाधिक ठळक राहतात. त्यामुळे ‘आमच्या वेळची गाणीच खरी’ हा दावा बहुधा गाण्याच्या गुणवत्तेपेक्षा ऐकणाऱ्याच्या तेव्हाच्या वयाविषयी अधिक सांगतो, आणि ‘सैराट’वर नाचलेली पिढीही पुढे तोच दावा करील.