अनवाणी चालणे : लाभ कोणाला, धोका कोणाला
(आरोग्य केंद्रात येणाऱ्या नागरिकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उंबरठ्याशी पादत्राणे काढून ठेवण्याची रीत आपल्या देशात घरोघरी आहे. मंदिर असो, मशीद असो वा गुरुद्वारा, आपण अनवाणीच आत जातो. भाताची लावणीही अनवाणी पायांनीच होते. म्हणजे अनवाणी चालणे आपल्याला नवे नाही. अलीकडे मात्र तो एक उपचार म्हणून सांगितला जाऊ लागला आहे. त्यात खरे किती आणि ते कोणी टाळावे, एवढेच आज पाहू.

आपल्या प्रत्येक पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे आहेत. त्यांना बांधून ठेवणारे स्नायू व बंध शंभराहून अधिक आहेत. यांच्या आधाराने तळव्याला कमान येते आणि ती स्प्रिंगप्रमाणे शरीराचा भार झेलते. तळव्याची त्वचा अत्यंत संवेदनशील असते. जमीन उंचसखल आहे की निसरडी, हे ती क्षणात मेंदूला कळवते आणि त्यानुसार आपण तोल सावरतो. अरुंद, जाड तळाच्या बुटात बोटे आखडून राहतात व पावलाच्या लहान स्नायूंना काम उरत नाही. अनवाणी चालताना बोटे पसरतात आणि हे स्नायू वापरात राहतात.

मुलांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. आपल्याच देशातील ४ ते १३ वर्षे वयाच्या २३०० मुलांची पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांपैकी ८.६ टक्के मुलांचे तळवे सपाट आढळले. अनवाणी वावरणाऱ्या मुलांत हे प्रमाण २.८ टक्के होते. म्हणून नुकत्याच चालू लागलेल्या बाळाला घरात बूट घालण्याची घाई करू नये. स्वच्छ फरशीवर, अंगणात त्याला मोकळ्या पायांनी चालू द्यावे.

मात्र अनवाणी चालल्याने मधुमेह बरा होतो, दवातील गवतावर चालल्याने चष्मा सुटतो, या समजुतींना आधार नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे हृदयाला, रक्तदाबाला व रक्तातील साखरेला हितकारक आहे. पण हा लाभ चालण्याचा आहे. तो चप्पल वा बूट घालूनही पूर्णपणे मिळतो. अशा समजुतीपोटी कोणीही आपले औषध बंद करू नये.

आता धोक्यांकडे वळू. जेथे उघड्यावर शौच केले जाते, तेथील ओलसर मातीत अंकुशकृमीच्या अळ्या वाढतात. त्या पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात, आतड्यात जाऊन रक्त शोषतात आणि हळूहळू रक्तक्षय होतो. गर्भवती स्त्रिया व वाढती मुले यांना त्याची झळ अधिक बसते. शौचालयाचा वापर आणि पायात चप्पल हे दोन्ही उपाय एकत्रच करावे लागतात. राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळेत व अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी चुकवू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते. शेतात व अंधारात सर्पदंशाचे भय असते. तेथे गमबूट वापरावेत आणि हाती विजेरी असावी.

सर्वांत मोठा धोका मात्र ज्यांना वेदना जाणवत नाही, त्यांना आहे. वैशाखातील दुपारी देवळाचे दगडी पटांगण आठवा. सर्वजण चवड्यांवर धावत सावली गाठतात. अशा वेळी एखादी व्यक्ती संथपणे चालत जाते. अनेक वर्षांच्या मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने तिच्या तळव्यांची संवेदना गेलेली असते. सायंकाळी फोड दिसतो, तो फुटून जखम होते, जखम चिघळते आणि कधी बोट, कधी पाऊलच कापावे लागते. चटका जाणवला असता तर तिनेही पाय उचलला असता. वेदना ही पायाची राखणदार आहे. ती नसेल तेथे ते काम डोळ्यांनी करावे लागते.

म्हणून आपणांस विनंती आहे :

१. मधुमेह, पायांना बधिरता अथवा पायावर जखम असेल, तर घरातही अनवाणी चालू नये. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल वापरावी. चप्पल घालण्यापूर्वी आत खडा वा खिळा नाही ना, हे हात फिरवून पाहावे.

२. तीर्थस्थळी ऊन चढण्यापूर्वी जावे व जाड मोजे घालावेत. त्याने श्रद्धेला कोणताही उणेपणा येत नाही.

३. निरोगी व्यक्तीने स्वच्छ जागी, प्रारंभी १० मिनिटे अनवाणी चालावे. टाच वा तळवा दुखू लागल्यास थांबावे.

४. खिळा वा काच रुतल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीसाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात यावे.

५. मधुमेही व्यक्तीने वर्षातून किमान एकदा पायांची संवेदना तपासून घ्यावी.

आज रात्री पाय धुतल्यावर ते दिव्याखाली धरून बोटांच्या बेचक्यांसह नीट पाहा. घरातील वडीलधाऱ्यांना वाकता येत नसेल, तर त्यांचे तळवे आपण पाहा. मिनिटभराचे हे काम एखाद्याचे पाऊल वाचवू शकते.